एकच वाक्य दिलेला धनगर

दिवाळी सरली की आमच्या वस्तीवरनं कळप जायला लागतात. सकाळच्या दवात भिजलेल्या लोकरीचा वास आधी येतो, मग घुंगरं ऐकू येतात, मग कुत्री, आणि सगळ्यात शेवटी घोडी. घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार, त्यावर जाळीत बसवलेली कोकरं, आणि त्याच्याही वर एखादी कोंबडी ऐटीत बसलेली. बारामतीच्या रस्त्यानं हे सगळं हळूहळू मावळतीकडं सरकतं. कोकणात उन्हाळा काढायचा आणि पाऊस तोंडावर आला की माघारी यायचं. त्याच दिवसांत कारखान्याची चिमणी पेटते, मळीचा आंबूस वास घरात शिरतो, भिगवणच्या पाण्यावर लांब पायांचे गुलाबी पक्षी उतरतात. जो तो कामाला लागतो. मी बाजेवर बसून शेवटचं घोडं वळणाआड जाईपर्यंत बघत राहतो, आणि मला दरवर्षी एक खेळ आठवतो. कॉम्प्युटरमधला. तलवारीचा.

हसायचं असेल त्यानं हसून घ्यावं. जन्मभर मेंढरं राखलेल्या, तिसरीत पाटी टाकलेल्या म्हाताऱ्यानं असल्या खेळावर बोलावं हे कुणाला पटणार नाही. पण एक सबंध हिवाळा मी तो खेळ शेजारी बसून बघितलाय, आणि त्यातल्या चुका मला तोंडपाठ आहेत. चूक दिसली की मी बोलतो. पाहुण्यांत बोललोय, सोसायटीच्या मीटिंगीत बोललोय, तर खेळाची काय भीड?

नव्वदची शेवटची वर्षं होती ती. इंदापुरात कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता आणि माझी पोरगी सुमन तिथं शिकवायची. धनगराची पोर व्यापाऱ्यांच्या पोरांना शिकवते म्हणून मी बाजारच्या दिवशी काम नसताना त्या जिन्याखालनं जायचो. वरनं तिचा आवाज यायचा. काय बोलते ते कळायचं नाही, पण आवाज माझ्या आईसारखा होता, खणखणीत. तेवढा ऐकून मी पुढं जायचो.

तिच्या काळजाची झडप लहानपणीच खराब झाली होती. सांधे सुजून एकदा ताप आला होता, तो ताप सांध्यांतनं गेला आणि काळजात राहिला, असं डॉक्टर म्हणाले. त्या हिवाळ्यात तिला तो जिना चढवेना. अर्ध्या जिन्यात बसायची आणि आलेल्या पोरांना सांगायची, "व्हा पुढं, मी आलेच." क्लासचे सर भला माणूस. त्यांनी जुना एक कॉम्प्युटर टेंपोत घालून आमच्या वस्तीवर पाठवला. घरी बसून टायपिंग कर म्हणाले. टायपिंग तिनं केलंच. पण पुण्याहून कुणीतरी आणलेली एक चकती त्या कॉम्प्युटरबरोबर आली होती, आणि त्या चकतीत एक मुलूख होता.

मुलूखच म्हणायचा. डोंगर, नद्या, झाडी, किल्ले, जादूटोणा करणारे बुवा, राक्षस. आपण एक गडी व्हायचं, कमरेला तलवार लावायची आणि निघायचं.

"आबा," सुमन म्हणाली, "मोकळं रान हाय बघा. पायजे तिकडं जायचं. कोण अडवत न्हाय."

विहिरीवर जायचं तर मधल्या बाभळीखाली टेकायला लागायचं तिला. ती हे म्हणाली आणि मी पोतं ओढून तिच्याशेजारी बसलो. तिला एकटीला सोडायचं नव्हतं म्हणूनही बसलो, आणि मला बघायचंही होतं की हे रान कसलं आहे.

खेळ सगळा इंग्रजीत. माणसं बोलायची नाहीत, त्यांचं बोलणं खाली अक्षरांत उमटायचं. सुमन ते वाचून मला आपल्या बोलीत सांगायची, आणि प्रत्येकाला आपल्याकडच्या कुणाचा तरी आवाज द्यायची. धर्मशाळेचा मालक भिगवणच्या मासळीच्या हॉटेलवाल्यासारखा नाकातनं बोलायचा. राजाचा कारभारी हुबेहूब बावड्याचे आमचे पाहुणे. त्या पाहुण्यांना पुढं मी कुठल्याही लग्नात बघितलं की मला हसू यायचं.

पहिल्याच दिवशी त्या हॉटेलवाल्यानं तिला काम सांगितलं.

"काय म्हणतोय त्यो?" मी विचारलं.

"म्हणतोय, माझी अंगठी चोरांनी नेली. डोंगरात गुहा हाय, तितनं आणून दे."

"पाणी इचारलं का?"

"कुणाला?"

"तुला. लांबनं चालत आलीस. तांब्याभर पाणी दिलं का आधी?"

"आबा, खेळात पाणी न्हाय देत."

"मग त्याची अंगठी जाऊ दे ओढ्यात. ऊठ तितनं."

ती हसायला लागली. हसता हसता दम लागला, ओठ निळे पडले, आणि चुलीकडनं तिची आई ओरडली, "अवो, पोरीला हसवू नका!" आमच्या घरात त्या हिवाळ्यात हसण्यावर असा पहारा होता. तरी मी हसवायचो, कारण सुमनच मला डोळ्यांनी खुणावायची, बोला अजून.

पण मी विनोद करत नव्हतो. माझं म्हणणं आजही तेच आहे. त्या सबंध मुलखात कुणीही कुणाला जेवलास का म्हणून विचारत नव्हतं. दारात उभं राहिलं की काम. हे आण, ते पोचव, त्याला मार, परत ये. काम झालं की नाणी हातावर, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस ओळख देत नाही. ह्याच्यासाठी जीव धोक्यात घालून गुहेत गेलेला गडी पुढ्यात उभा आहे, आणि हा म्हणतो, कोण रे तू परदेशी? गावं तरी वेगळी असावीत. तीही एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी. तीच घरं, तीच विहीर, त्याच चार माणसांचं तेच बोलणं. एवढा मोठा मुलूख केला आणि माणसं करायला कंटाळले.

लांडग्यांवरनं तर आमचं भांडणच झालं. गावच्या मुखियानं लांडगे मारून शेपट्या आणायला सांगितल्या.

"शेपट्या कशाला? घोंगडं इणायचंय का त्याला?"

"पुरावा, आबा."

"आणि त्याचा इश्वास कुठं गेला?"

लांडगे आले. एकामागं एक, सरळ समोरनं. सुमनचा गडी तलवार फिरवायचा, ती कधी लागायची, कधी हवेतनं जायची, आणि लांडगा घाव खात जागच्या जागी उभा. ना दचकायचा, ना मागं सरायचा. मी माळावर लांडगा बघतच वाढलो. एक जण लांब टेकाडावर उभा राहून स्वतःला दाखवतो, कुत्री त्याच्यामागं धावतात, आणि दुसरा ओढ्यातनं मागच्या अंगानं येऊन कोकरू उचलतो. काठी आपटली की टाकून पळतो. त्याला जगायचं असतं. माझा बाप म्हणायचा, वर्षाचं एखादं कोकरू त्याचंच असतं, त्यावरनं शिव्या द्यायच्या नाहीत.

"ह्याला जीव प्यारा न्हाय का?" मी म्हणालो. "मरायला टेकलाय तरी पळंना."

"त्याला पळायचं शिकवलंच न्हाय."

"मग त्यो लांडगा न्हाय. खांब हाय खांब."

आणखी एक वाईट गोष्ट होती. सुमनचा गडी लढून लढून तयार झाला, अंगात ताकद आली, चांगली तलवार आली. तर त्याच रानातले लांडगेही तेवढेच तगडे झाले. आपण जेवढं वाढावं तेवढंच त्यांनीही वाढायचं. मी विचारलं, मग वाढून काय मिळवलं? ती म्हणाली, "नुसतं टिकून ऱ्हायलो, आबा. ते काय कमी हाय?" 

गडी मेला तर परत उठायचा. आदल्या मुक्कामाला खेळ राखून ठेवलेला असला की तिथनं सुरू. मी म्हणालो, "हितं भ्याच न्हाय. भ्या न्हाय ती लढाई कसली?"

पडद्यावरची नजर न काढता सुमन म्हणाली, "भ्या माझ्याकडं घरचं हाय. खेळात आणि इकत कशाला घिऊ?"

जखमी झाला की गडी एक बाटली प्यायचा. लाल पाणी. पडद्याच्या कोपऱ्यात त्याच्या जिवाचा एक पट्टा होता, तो घोटासरशी भरायचा आणि गडी ताजातवाना. आमच्या खिडकीत सुमनच्या औषधाच्या बाटल्या ओळीनं उभ्या होत्या. मी ते बघून चिडलो. म्हणालो, ही लबाडी आहे, बाटलीनं असं कुणी उठत नाही. तिनं दुपारचं औषध घेतलं, तोंड वाकडं केलं, दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "बघा आबा, भरला का माझा पट्टा?" तिची आई हसली. हसली आणि लगेच चुलीकडं तोंड फिरवून बसली.

मागच्या महिन्यात आमच्या भावकीतल्या एका जावयानं मला मोबाईलवर नवा खेळ दाखवला. काय त्यातलं पाणी, काय गवताची पाती, वारा आला की हलतात. मी विचारलं, ह्यात कुणी आल्यागेल्याला पाणी देतं का? तो म्हणाला, मामा, पाण्याचा काय संबंध? मी म्हणालो, मग चालू दे तुझं.

नकाशाचं सांगायचं राहिलं. त्या खेळात नकाशावर गावाचं नाव दाबलं की माणूस एकदम त्या गावात. वाट नाही, मुक्काम नाही, पायाला काटा नाही. मला हे इतकं खोटं वाटायचं! चालून गेल्याशिवाय गाव लागतंच कसं? पण सुमननं तो नकाशा कधी दाबला नाही. ती चालायची. पाऊस लागला तरी चालायची. दुपारच्याला लाईट असायची तेवढ्यात जमेल तेवढी वाट तोडायची आणि लाईट जायच्या आत खेळ राखून ठेवायची. एकदा विसरली, लाईट गेली आणि सगळी वाट परत चालायला लागली. म्हणाली, बरं झालं, ती नदी चांगली होती.

लहानपणापासनं मी तिला आमची कोकणची वाट सांगत आलो होतो. चार मेंढरं ठेवून बाकी कळप विकून ऊस लावायच्या आधी मी ती वाट बापाबरोबर चाललोय. तिनं खेळातल्या पहिल्या गावाला कऱ्हाटी नाव दिलं. मग मोरगाव, मग सासवड, मग भोर. लांब निळा डोंगर दिसायचा, तो वरंध घाट. घाटापलीकडं समुद्र आहे असं नकाशावर होतं. खेळातला राजा कुणी मारला, मुकुट कुठं गेला, त्याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं. तिला चालत समुद्राला पोचायचं होतं.

"ऑपरेशन झालं की फुडच्या दिवाळीला खरंच जाऊ," मी म्हणालो. "कळपाबरोबर. तू घोड्यावर बस, घाटात तेवढं चाल."

"घोड्यावर न्हाय. सगळी वाट चालत."

"बरं, चालत."

"शब्द?"

"धनगराचा शब्द."

त्या घाटाच्या पायथ्याला आम्हाला तो म्हातारा भेटला. डोक्याला फडकं, हातात काठी, भोवती मेंढरं. सुमन म्हणाली, "आबा, हे बघा, तुमीच!" मी सरसावून बसलो. एवढ्या राक्षसांत आणि राजांत कुणीतरी आमचं दिसलं. म्हातारा बोलला, आणि सुमननं त्याला माझा आवाज दिला, घोगरा, थोडा तापट. "वाटसरू, माझी एक मेंढी आली न्हाय. तुला कुठं दिसली का?"

"हे काम करायचं," मी म्हणालो. सबंध खेळात मला पटलेलं ते पहिलं काम.

दोन दुपारी आम्ही ती मेंढी शोधली. एका घळीच्या तळाला सापडली. मेलेली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला घुंगरू. सुमननं ते घुंगरू सोडवून घेतलं, सगळा डोंगर परत उतरली आणि म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्यानं घेतलं. नाणी दिली. मला बरं वाटलं. आमच्या घरची रीत आहे, मेलेल्या मेंढीचं घुंगरू लगेच दुसरीला बांधत नाहीत, वर्षभर दाराजवळच्या खांबाला टांगून ठेवतात. घुंगरू टांगायचं, आणि दुसऱ्या दिवशी बाकीची मेंढरं चरायला सोडायची. रडत बसायचं नाही, कारण बाकीच्यांना भूक असते. मला वाटलं, हाही आता तसंच करील.

सुमन त्याच्यावरनं पुढं निघाली, तर खाली परत तीच अक्षरं. "वाटसरू, माझी एक मेंढी आली न्हाय. तुला कुठं दिसली का?"

"आता काय झालं ह्याला?"

"तेच इचारतोय."

"अगं, घुंगरू घेतलं न्हवं हातात? धनगराला आणि काय सांगायचं असतंय?"

"त्याला कळत न्हाय आबा. करणाऱ्यानं त्याला एकच वाक्य दिलंय."

माझं डोकंच फिरलं. लांडग्यांचं मी सोसलं, बाटलीचं सोसलं, पण हा आमच्या जातीचा माणूस आणि त्याला असा खुळा करून ठेवलेला. "चिठ्ठी लिही त्यास्नी," मी म्हणालो. "जितं असतील तितं पाठव."

"काय लिहू?"

"लिही, धनगर येडा नसतोय. त्याला हातात आलेली वस्तू कळती."

ती हसली, बेतानं, छातीवर हात ठेवून. पण त्यानंतर तिनं एक भलतंच सुरू केलं. घाटात कितीही वर गेली असली तरी बंद करायच्या आधी माघारी फिरायची. म्हाताऱ्यासमोर उभी राहायची, त्याचं वाक्य माझ्या आवाजात मोठ्यानं वाचायची, आणि मगच कॉम्प्युटर बंद करायची. रोज. घाट काही सरेना.

"कशाला जातीस त्याच्याकडं? तुझी वाट फुडं हाय."

"त्याला एकच वाक्य येतंय, आबा. कुणीतरी थांबून ऐकलं पायजे का न्हाय?"

उसाचा हंगाम सरत आला तेव्हा पुण्याच्या दवाखान्यातनं बोलावणं आलं. जीप दारात उभी होती, तिची आई पिशव्या भरत होती, आणि सुमन पडद्यासमोर. मी म्हणालो, चल आता. तिनं म्हाताऱ्याचं वाक्य वाचलं, खेळ राखून ठेवला आणि पडद्यावर फडकं टाकलं. "समुद्र आल्यावर बघू," म्हणाली. भिगवणच्या पुढं पाणी दिसलं तसं तिनं जीप थांबवायला लावली. गुलाबी पक्षी अजून होते. उतरली नाही, काचेतनंच बघितलं.

ऑपरेशनला आत नेताना हातातल्या बांगड्या काढून घेतात. नर्सनं त्या कागदात गुंडाळून माझ्याकडं दिल्या, बाहेर आल्यावर घालायला. हिरव्या, काचेच्या. मी त्या दोन्ही हातांत धरून बाकावर बसलो, फुटू नयेत म्हणून. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडं न बघता माझ्या हातांकडं बघायला लागले. तेवढ्यावरनं मला कळलं.

घरी आलो. बांगड्या दोरीत ओवून खांबाला टांगल्या, घुंगरांच्या शेजारी. दुसऱ्या दिवशी होती तेवढी मेंढरं चरायला सोडली. रीत आहे ती केली. भेटायला आलेल्यांसमोर मी एकदाही डोळे पुसले नाहीत.

महिन्याभरानं सर कॉम्प्युटर न्यायला आले. चालतो का बघायला त्यांनी तो लावला. फडकं काढलं, पडदा उजळला, आणि डोंगराच्या पायथ्याला तो उभा. काठी तशीच, मेंढरं तशीच. खाली अक्षरं उमटली. सर म्हणाले, "हा काहीतरी मेंढीबद्दल विचारतोय, आबा."

"म्हाईत हाय मला काय इचारतोय."

सरांनी विचारलं, "ठेवू का अजून थोडे दिवस?"

"न्हाय. घिऊन जावा."

टेंपो गेला. त्या संध्याकाळी मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, घेतली, दाराशी आलो, पायातलं काढलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सुमन आली का गं?"

मी आत गेलो तर तिची आई भिंतीला टेकून पदर तोंडात धरून बसली होती. दुसऱ्या दिवशी परत तेच झालं. तिसऱ्या दिवशी ती तडकली. "तुमच्याच हातानं टांगल्या न्हवं बांगड्या? तुमाला ठावं न्हाय? मला कशाला इचारता?" मला ठाऊक होतं. मी मान हलवली, हातपाय धुतले, जेवलो. आणि चौथ्या दिवशी दाराशी आलो.

त्याला आता किती हिवाळे झाले. अजून विचारतो. ठरवून नाही. दिवसभर मी शहाण्यासारखा असतो, उसाला पाणी देतो, व्यवहार करतो, भांडतो. संध्याकाळी उंबऱ्याशी आलो की ते निघतं. आताशा तिची आई रागावत नाही. माझी चाहूल लागली की तांब्या घेऊन दाराशी येते. मी विचारतो. ती ऐकून घेते. मग तांब्या पुढं करते आणि म्हणते, "घ्या, पाणी घ्या."

त्या म्हाताऱ्याला एवढंही देणारं कुणी नव्हतं. होती ती एक, आणि तीही गेली.

लांडगा असा नसतो, ह्यावर मी आजही कुणाशीही भांडायला तयार आहे. बाटलीनं काळीज बरं होत नाही. नकाशा दाबून कोकण लागत नाही. दारात आलेल्याला आधी पाणी विचारावं, मग काम सांगावं. ह्यातलं एकही मी मागं घेणार नाही. पण त्या धनगराबद्दल जे बोललो तेवढं मागं घेतो. सबंध मुलखात तो एकच माणूस बरोबर केलेला होता. ज्यानं कुणी केला, त्याचंही काहीतरी माघारी आलेलं नसणार.

आज सकाळचा शेवटचा कळप होता. घोडं वळणाआड गेलं, वरची कोंबडी तेवढी थोडा वेळ दिसली, मग तीही नाही. रस्त्यावर लेंड्या आणि धूळ. आता ऊन कलायला लागलंय. थोड्या वेळानं मेंढरं आत घेईन, दाराशी येईन, आणि विचारीन.